आमची वाटचाल : जुनी फाईल उघडली पाहिजे

वेंगुर्ल्याच्या बाजारात वडिलांचा छापखाना होता. पायाने मारायचं ट्रेडल छपाईयंत्र, शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या केसेस आणि पावसाळ्यात दमट होऊन एकमेकांना चिकटणारा कागद. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दशावतारी नाटकांची हँडबिलं, जत्रेची पत्रकं, हापूसच्या पेट्यांवरची लेबलं ही आमची कामं. आजही कामं तीच आहेत. पंचवीस वर्षांत मशिनं तीनदा बदलली, पण मशिनांनी मला कधी रात्री जागवलं नाही. जागवलं ते ऑपरेटिंग सिस्टीमने, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या विंडोजसारख्या मूळ सॉफ्टवेअरने, म्हणून आमची वाटचाल मी त्या बाजूने सांगतो.

१९९९ साली पहिला कॉम्प्युटर घेतला. विंडोज ९८, पानं मांडायचं पेजमेकर ६.५ आणि मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल आलं, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं, काडेपेटीएवढं. ते काढलं की मराठीचं एक अक्षर उमटत नसे. वडिलांनी ते हातात घेऊन पालथं करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या एवढ्याश्या डब्याचे इतके पैशे?" त्यांना खिळे मोजून घ्यायची सवय.

त्या वेळच्या मराठी फॉन्टांची गोष्ट आताच्या मुलांना खरी वाटत नाही. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अर्धा म एका घरात, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. फाईलमध्ये साठायचं ते इंग्रजी चिन्हांचं कडबोळं, आणि त्यावर तो नेमका फॉन्ट चढला की 'श्री गजानन प्रसन्न' दिसायचं. फॉन्ट नसेल तर गजानन गायब. शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मनाने बसवलेले, त्यामुळे एकाचं कडबोळं दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उलगडत नसे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक घरं देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीची स्वतःची १२८ घरं १९९१ पासून होती, विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला. पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि तिथेच ते थांबलं. आमचं सगळं मॅटर त्याच्यात.

इथे धंद्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे येणारी निम्मी कामं 'मागच्यासारखंच' या शब्दाने सुरू होतात. देवस्थानचं पावती पुस्तक मागच्यासारखंच, फक्त साल बदला. आंब्याचं लेबल मागच्यासारखंच, फक्त मोबाईल नंबर बदला. थोरल्या मुलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची. जुनी फाईल उघडली तर ते काम दहा मिनिटांचं, नाही उघडली तर अख्ख्या दुपारचं. पैसे दोन्हीला सारखेच. म्हणून आमच्याकडे कुठलं विंडोज चांगलं हा प्रश्न कधी नव्हताच. कशात काय उघडतं, एवढंच पाहावं लागे.

२००४ मध्ये विंडोज एक्सपी घेतलं, तेही वेगळं, खोक्यातलं. मशीनबरोबर येणारी प्रत त्या मशीनलाच बांधलेली असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुकानदाराने गळ्यात मारली म्हणून घेतली आणि पुढे त्याचे आभार मानले. २००६ मध्ये टायपिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, यूएसबी डोंगलची. पुढची आठ वर्षं सुखाची गेली. खरोखर, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणजे व्हायरसपासून वाचवणाऱ्या दुरुस्त्या येणं थांबलं. इतरांसाठी ती बातमी असेल, आमच्यासाठी पेनड्राइव्ह होता. गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं पेनड्राइव्हमध्ये, आणि त्याच्यातून काय काय येतं ते वेंगुर्ल्यातला प्रत्येक डीटीपीवाला सांगेल. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होणं हे त्यातलं सोज्वळ. नवीन मशीन आणलं, त्यात ६४ बिटचं विंडोज ८.१. आणि रांगेने एकेक गोष्ट आडवी आली. मागे प्रिंटर पोर्टच नाही, म्हणजे जुनं डोंगल बाद. व्हिनाईल कटरचा ड्रायव्हर ३२ बिटचा, तो ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालत नाही. नव्या मशीनवरच एका बाजूला एक्सपी टाकू म्हटलं, तर सीडी अर्ध्यावर येऊन निळा पडदा. एक्सपीच्या जन्मानंतर हार्ड डिस्कशी बोलायची तऱ्हाच बदलली होती आणि एक्सपीच्या सीडीत ती नव्हती.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "मामा, जुन्या मशीनवरचं एक्सपी राहू दे, पण त्याचं नेट काढ. शेजारी उबुंटू टाकू, लिनक्सची फुकट सिस्टीम. नेट, पेनड्राइव्ह सगळं उबुंटूत, जुन्या फाईली एक्सपीत." हाच तो ड्युअल बूट. मशीन सुरू करताना यादी येते, हवं ते निवडायचं. कल्पना मला आवडली, एक तर फुकट होती. उबुंटू १४.०४ त्याच एप्रिलमध्ये आलं होतं.

जागा करण्यासाठी एक्सपीचं पार्टिशन, म्हणजे हार्ड डिस्कवरचा तिचा हिस्सा, लहान करायचं होतं. ते काम म्हणजे भरलेल्या गोदामातली खोकी एका भिंतीला सरकवून मध्ये नवी भिंत घालण्यासारखं. अर्ध्यात थांबलं तर कुठलं खोकं कुठे, हे कोणालाच माहीत नसतं. जून महिना, पहिला जोराचा पाऊस आणि माझा यूपीएस तीन वर्षांचा. पुढे काय झालं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वीज गेली, यूपीएस एकदा केविलवाणा ओरडला आणि बंद. बॅकअप होता, सीड्यांवर. कपाटातून काढल्या तर चांदीच्या बाजूवर बुरशीची नक्षी. काही वाचता आल्या, काही नाही. २००९ च्या आसपासची दीड-दोन वर्षं गेली. आजही त्या काळातलं कोणी 'मागच्यासारखंच' म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. यात भाच्याचा दोष नाही. बॅकअप तपासल्याशिवाय पार्टिशनला हात लावायला मीच हो म्हणालो.

नव्या हार्ड डिस्कवर पुन्हा सगळं बसवलं. आधी विंडोज, मग उबुंटू, कारण उलट केलं तर विंडोज ती सुरुवातीची यादीच पुसून टाकतं. ड्युअल बूट चाललं, तीनेक वर्षं. पण काउंटरवर त्याची खरी किंमत कळली.

पहिली गंमत घड्याळाची. एक दिवस बायकोने दुपारी चारला दिलेल्या बिलावर वेळ छापून आली सकाळी साडेदहा. मला वाटलं, मदरबोर्डवरचा सेल गेला. बदलला, तरी तेच. मग लक्षात आलं की फरक दर वेळी साडेपाच तासांचा. उबुंटू मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोजची समजूत अशी की मशीनमध्ये आहे तीच इथली वेळ. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बिल चुकीचं. उबुंटूला इथलीच वेळ धरायला सांगितलं तेव्हा भांडण मिटलं. पुढे नव्या मशीनवरही उबुंटू टाकलं तेव्हा आणखी एक निघालं. विंडोज ८ पासून 'शट डाऊन' म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही, लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं. अशा वेळी उबुंटूतून विंडोजची ड्राइव्ह उघडली की फाईल दिसते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं की सुटतं. मला ते कळायला एक आठवडा लागला.

पण ड्युअल बूट गेलं ते या दोन्हींमुळे नाही. एका सिस्टीममधून दुसरीत जायला मशीन बंद करून परत सुरू करावं लागतं, हे आमच्या धंद्यात बसतच नाही. गिऱ्हाईकाचा फोटो उबुंटूत उघडायचा, मग बंद, मग एक्सपी, मग त्याची जुनी पत्रिका. तोवर त्याला आठवतं की मेलवर मामाचं नाव बदलून आलंय. परत बंद. बायको काउंटरवरून ओरडायची, "ओ, माणूस उभो आसा आणि तुमचो कंप्युटर परत पयल्यापासून सुरू?" घरी एकटा बसून एका वेळी एकच काम करणाऱ्याला ड्युअल बूट उत्तम आहे, मशीनची सगळी ताकद एकाच सिस्टीमला मिळते. दुकानात नको.

वाईनही करून पाहिलं, म्हणजे लिनक्समध्येच विंडोजची सॉफ्टवेअरं चालवायची सोय. पेजमेकरची खिडकी उघडली, आमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र की-बोर्ड पकडेना. जुन्या फाईली सरळ इनडिझाइनमध्ये, म्हणजे पेजमेकरच्या जागी आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणाव्यात असा सल्लाही मिळाला. ते होतं, पण सीएस६ पर्यंतच, त्यापुढचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाईली घेत नाही. आणि फाईल आली तरी आतलं कडबोळं कडबोळंच.

२०१८ मध्ये आठ जीबी रॅमचं मशीन घेतलं आणि व्हर्च्युअल मशीनकडे वळलो. चालू विंडोज १० च्या आतच एका खिडकीत दुसरा आख्खा कॉम्प्युटर, त्यात एक्सपी. त्यासाठी लागणारा व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतो. आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागलं, आमच्या मशीनवर ते बंदच आलं होतं. कपाटातली खोक्यातली एक्सपी इथे कामाला आली. तिला एक जीबी रॅम आणि वीस जीबी जागा पुरते, आताच्या मानाने गरीब नातेवाईक. तिचं नेटवर्क तोडलं. बाहेरच्या जगाशी एकच खिडकी, एक सामायिक फोल्डर, त्याचं नाव मी 'ओसरी' ठेवलंय. यूएसबी डोंगल आतल्या मशीनला देता येतं. छपाई आतून करायची नाही. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईसाठीची फाईल काढायची, ती ओसरीवर ठेवायची, बाहेर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करायची. फॉन्ट पीडीएफमध्येच बांधले जातात, मग प्रिंटर कितीही नवा असो.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. प्रिंटर पोर्टवरचं पहिलं डोंगल आतल्या मशीनला दाखवणं काही साधलं नाही. त्यामुळे २००६ आधीच्या फाईली आत उघडतात, छापता येतात, पण त्यांत नवं अक्षर टाइप करता येत नाही. लागलंच तर त्याच पानातल्या दुसऱ्या शब्दातून अक्षर उचलून आणायचं. वडील केसमधून खिळा उचलत तसं. दुसरं म्हणजे स्नॅपशॉट, आतल्या मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. त्याला मी काही काळ बॅकअप समजत होतो. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले.

बॅकअपचं शहाणपण मात्र इथेच आलं. हे आख्खं मशीन म्हणजे बाहेरून पाहिलं तर एक मोठी फाईल. ती बंद करायची आणि एक्स्टर्नल डिस्कवर उतरवायची. ती डिस्क मी घरी ठेवतो, घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्यांसह. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने दुकानाची कौलं उडाली आणि काउंटरचं मशीन भिजलं. वीज कित्येक दिवस नव्हती. डबा घेऊन कुडाळला मेहुण्याकडे गेलो, त्याच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकला, आणि माझी एक्सपी जशी सोडली होती तशी उठली, डेस्कटॉपवरच्या पसाऱ्यासकट. त्या महिन्यात लग्नपत्रिकांची कामं नव्हती. बाराव्या-तेराव्याची कार्डं होती, आणि ती थांबवून चालत नाहीत.

भिजलेलं मशीन वाळवून, दुरुस्त करून पुढे चाललं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला. हे मशीन सातव्या पिढीच्या प्रोसेसरचं, विंडोज ११ त्याला दारात घेत नाही. या वेळी मी घाबरलो नाही. रॅम सोळा जीबी केली, बाहेर उबुंटू घातलं आणि आत दोन मशिनं ठेवली. विंडोज १० कोरलड्रॉसाठी, एक्सपी जुन्या मॅटरसाठी, दोघांचंही नेट बंद. डोंगल दिसेना तेव्हा दोन दिवस गेले. उबुंटूत आपल्या नावाला व्हीबॉक्सयूजर्स या गटात घालावं लागतं, मग यूएसबी आत जातं. ऑनलाइन फॉर्म आणि डिजिटल सहीची कामं एका वेगळ्या, विंडोज ११ च्या लॅपटॉपवर, तो घ्यावाच लागला. गिऱ्हाईकाचा पेनड्राइव्ह फक्त उबुंटूत. नवीन मॅटर आम्ही सगळं युनिकोडमध्ये करतो, 'मुक्त' किंवा 'बालू' नावाचे फॉन्ट वापरून, म्हणजे मुलीला माझ्यासारखं हे सगळं सांभाळावं लागणार नाही.

विंडोज ९८ चं ते पहिलं मशीन अजून कोपऱ्यात आहे, मागे डोंगल लावलेलं. महिन्यातून एकदा सुरू करतो, दमट हवेने बसून जाऊ नये म्हणून.

गेल्या डिसेंबरात बाजारातलेच एक ओळखीचे गृहस्थ आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मुलांना मूळ पत्रिका तशीच्या तशी छापून वाटायची आहे. डिसेंबर २००० ची फाईल, पेजमेकर ६.५. उघडली. गणपती, खालची नक्षी, कुलदेवतेचं नाव, सगळं जागेवर. आणि 'आगमनार्थी'मधला 'ग' गायब, 'आमनार्थी' छापलेलं. मी म्हटलं, थांबा, वरच्या 'मंगल'मधून 'ग' आणतो, दोन मिनिटांचं काम. ते पडद्यावर वाकून बघत होते.

"रवांदे ती चूक तशीच," ते म्हणाले. "तेच्यापायी तुझ्या बापाशीन तेवा माका पन्नास रुपये सोडल्यान."