मोमिनाबादच्या चिठ्ठीमागे: अंबाजोगाईतील चार संध्याकाळी

जुन्या भुंगेऱ्याच्या टाचणीला खोवलेल्या चिठ्ठीवर जो गाव लिहिलेला असतो, तिथेच तो पकडला गेला असे धरून मी जूनमध्ये अंबाजोगाईला गेलो आणि तीन संध्याकाळी वाया घालवल्या. होलोट्रिकिया वंशातील, म्हणजे हुमणीच्या भुंगेऱ्यांतील, एक संदिग्ध जुने नाव मला निकाली काढायचे होते. मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्यावर ते नाव आधारलेले तो किडा, हरवलेला, लॅटिन वर्णन चार ओळींचे, आणि तो पकडणाऱ्या संग्राहकाच्या उरलेल्या नमुन्यांवर फक्त ‘मोमिनाबाद, डेक्कन’ एवढेच. शोधनिबंध छापून येईपर्यंत ते नाव येथे देत नाही.

परळी वैजनाथला रेल्वेने उतरून एसटीने सुमारे 25 किलोमीटर, हा प्रवास सोपा आहे. मोमिनाबाद हे अंबाजोगाईचेच निजामकाळातील नाव, हेही ठाऊक होते. फसवले ते एका छापील यादीतील अक्षांश-रेखांशांनी. ते मुकुंदराजांच्या समाधीच्या परिसरातील दरीत पडत होते, म्हणून मी दरीत उतरलो. पहिला पाऊस झालेला होता. पायवाटेवर काळ्या मातीचा थर बुटाला असा चिकटत होता की दर वीस पावलांनी थांबून काठीने तो खरवडावा लागे, आणि खालच्या टप्प्यावर निसरड्या कातळावरून मी दोनदा घसरलो. पावसानंतर या वाटेने अंधारात परतू नये, हे मी निक्षून सांगतो. जीपवाल्याने तेवढ्या अंतराचे 1200 रुपये घेतले. भाडे आधी ठरवा, किंवा सरळ चालत जा. किडे ओढायला लावलेल्या दिव्याच्या पडद्यावर शेणकिडे आले, होलोट्रिकिया एकही नाही.

यादीतले आकडे अंश-कलांपर्यंतच होते आणि अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ 1.85 किलोमीटर. शिवाय मोमिनाबाद ही हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. छावणीत राहणारा हौशी संग्राहक घोड्यावरून दिवसभरात जिथे पोहोचे, तिथले सगळे किडे तो मुक्कामाच्या नावाने टाचणीला लावत असणार, असे माझे मत झाले आहे. ‘हैदराबाद’ वाचले तर सिंध की दख्खन, ‘औरंगाबाद’ वाचले तर बिहार की मराठवाडा, हे संग्राहकाच्या नेमणुकांवरून पडताळल्याशिवाय नकाशावर खूण करू नये.

चौथ्या दिवशी शेतात भेटलेल्या एका आजोबांनी विचारले, “भुंगेरे पाहिजेत ना? मग दरीत कशाला जाता सर, दिवस मावळल्यावर आमच्या बांधावरच्या लिंबाला या की.” सव्वासातला त्या कडुलिंबाच्या पानांवर पावसासारखी सळसळ सुरू झाली आणि पानांचे लचके तोडणारे तांबूस-तपकिरी भुंगेरे हाताने वेचता आले. 26 मिळाले, त्यांत 11 नर. तीन दिवसांचा शीण त्या अर्ध्या तासात उतरला. या भुंगेऱ्यांच्या जाती नराच्या जननांगांच्या आकारावरून ओळखतात, म्हणून रात्री लॉजवर ती सोडवून भिंगाखाली पाहिली, तेव्हा बाहेरून एकसारखे दिसणारे ते नर दोन आकारांचे निघाले. एक आकार होलोट्रिकिया सेराटा या जातीचा, जिला फॅब्रिशियसने 1781 मध्ये मेलोलोन्था सेराटा म्हटले; दुसरा मला अजून कोठे बसवता आलेला नाही.

त्यामुळे यांतील एक नर उचलून निओटाइप, म्हणजे हरवलेल्या टाइपच्या जागी नेमलेला नवा नमुना, घोषित करण्याचा मोह मी आवरला, आणि इतरांनीही तो आवरावा. 1 जानेवारी 2000 पासून लागू असलेल्या प्राणिनाम संहितेनुसार निओटाइप नावाचा गोंधळ मिटवण्यासाठीच नेमता येतो. टाइप हरवला असे का वाटते व तो शोधण्यासाठी काय केले, हे लिहावे लागते. आणि नमुना शक्य तितका मूळ ठिकाणाजवळचा असावा लागतो. लंडन, कोपनहेगनचे संग्रह धुंडाळण्याआधी ‘हरवला’ हा शब्द लिहूच नये.

जाणाऱ्यांनी पहिल्या जोरदार पावसानंतरच्या आठवड्यात जावे, कडुलिंब व बाभळी असलेले बांध निवडावेत, शेतमालकाला विचारावे, राखीव वनात शिरायचे असल्यास वनखात्याची लेखी परवानगी जवळ ठेवावी. चिठ्ठीवर गावाची जुनी-नवी दोन्ही नावे, दशांशातले अक्षांश-रेखांश आणि झाडाचे नाव त्याच रात्री लिहावे; मी दुसऱ्या दिवसावर ढकललेल्या सहा चिठ्ठ्यांतील झाड आता मलाच आठवत नाही.