थायलंडमध्ये जेवताना: माशाची ॲलर्जी असेल तर

कोकणात मासा ताटात दिसतो, निदान वासाने तरी कळतो. बँकॉकमध्ये तो मिठाचं काम करतो. नाम प्ला म्हणजे अँचोवीसारखी बारीक मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं तपकिरी पाणी. चिकनमध्ये, परतलेल्या भातात, पाद थाईत (परतलेल्या नूडल्समध्ये), अगदी ऑम्लेटमध्येही ते पडतं. त्यामुळे नुसतं "मासा नको" म्हटलं की आचारी मान डोलावतो आणि सवयीने नाम प्ला घालतो. शिजवूनही उपयोग नाही; माशातलं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

"फॅ प्ला" म्हणजे माशाची ॲलर्जी. त्याला जोडूनच "माइ साइ नाम प्ला, माइ साइ प्ला रा" म्हणायचं, म्हणजे या दोन्ही गोष्टी घालू नका. प्ला रा ही मुरवलेली मासळी, ईसानी, म्हणजे ईशान्य थायलंडच्या पद्धतीच्या सोम तामचा (कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचा) जीव. बदली म्हणून "सी इव खाव", साधा सोया सॉस, सुचवा. उच्चारांवर विसंबू नका. हेच थाई लिपीत छापून जवळ ठेवा.

पदार्थ निवडताना बघायचं की तो आत्ता बनतोय की आधीच कालवून ठेवलाय. पाद थाईचा सॉस आणि करीचं वाटण तयार असतं, त्यातून काही काढता येत नाही. वाटणातल्या कापीत, म्हणजे मुरवलेल्या जवळ्याच्या गोळ्यात, कोळंबीच्या जातीच्या जवळ्याबरोबर बारीक मासळीही आलेली असू शकते. त्यापेक्षा तुळशीची पानं घालून परतलेलं चिकन, धुतलेल्या कढईत, सोया सॉसवर करून मागा. सोम तामच्या गाडीवर मात्र सगळ्यांचं एकाच खलात कुटतात. तिथे सांगून फायदा नाही. नूडल्सच्या गाडीवरही ज्या पाण्यात माशाचे गोळे उकळतात, त्यातच तुमच्या नूडल्स बुडतात.

नुसत्या "शाकाहारी" पाटीवर भरवसा ठेवू नका, नाम प्ला तिथेही सापडतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत "जे" लिहिलेली दुकानं बरीच सुरक्षित, कारण तिथे प्राणिजन्य काहीच चालत नाही.

डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते हॉटेलच्या खोलीत नको, खिशात हवं. श्वास अडकू लागला किंवा घसा सुजला तर आधी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा, मग १६६९ वर रुग्णवाहिका बोलवा. ॲलर्जीची गोळी अशा वेळी पुरत नाही.

फळांच्या गाडीवरही एक फसवणूक आहे. कैरीबरोबर मिळणारी दाट, गोड, तपकिरी चटणी म्हणजे नाम प्ला वान, साखरेत आटवलेला नाम प्लाच. नुसतं मीठ-साखर-मिरचीचं कोरडं मिश्रण मागा.