सात दिवसांच्या डायव्हिंग बोटीसाठी सामान बांधताना

गोव्यात डायव्हिंग शिकलेल्या माणसाला सामानाची फारशी काळजी करावी लागत नाही. सकाळी धक्क्यावरून होडीत बसावे, ग्रांद बेटाजवळ दोनदा पाण्यात उतरावे आणि उशिरा का होईना, दुपारच्या जेवणाला घरी परतावे, असा आपला क्रम असतो. मास्क घरी राहिला तर डाइव्ह सेंटरचा मिळतो, फिनचा, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाचा, पट्टा तुटला तर शिकवणारा दादा दुसरा आणून देतो. लिव्हअबोर्ड, म्हणजे जिच्यावर आठवडाभर राहून दिवसाला तीन डाइव्ह करायच्या अशी बोट, यातली कोणतीही सोय देत नाही. मालदीवमधल्या मालेचा किनारा मागे पडला की जे पिशवीत आहे तेवढेच आपले. मी अशा दोन सफरी केल्या, दोन्ही मालदीवमध्ये, आणि त्यांतून माझा एक नियम पक्का झाला: जी वस्तू मी स्वतः खाऱ्या पाण्यात वापरून पाहिलेली नाही, ती पिशवीत जाणार नाही.

त्यामुळे माझी बांधाबांध जानेवारीच्या सफरीसाठी चवथ आटोपल्यावरच सुरू होते. जून ते सप्टेंबर आपला समुद्र बंद असतो आणि या चार महिन्यांत पर्वरीच्या कपाटात ठेवलेल्या सामानाचे काय होते, हे कोरड्या प्रदेशातल्या डायव्हरला सांगून खरे वाटणार नाही. मास्कच्या सिलिकॉनवर काळे ठिपके येतात, वेटसूटला कुबट वास धरतो, बुटांची चेन मिठाने घट्ट बसते. हे सारे जुन्या टूथब्रशने, भांड्यांच्या साबणाने आणि चेनवर मेणबत्ती घासून निस्तरता येते. मात्र बीसीडीच्या, म्हणजे पाण्यात तरंगणे सांभाळणाऱ्या हवा भरायच्या जॅकेटच्या, इन्फ्लेटरचे (हवा सोडायच्या नळीचे) बटण मी कधीही हलके घेत नाही. आत साचलेल्या मिठामुळे ते दाबल्यावर तसेच अडकून राहिले, तर जॅकेट आपोआप फुगत जाते आणि डायव्हर नको त्या वेगाने वर फेकला जातो. म्हणून ते कोमट गोड्या पाण्यात भिजवून, सिलिंडर जोडून, पन्नासएक वेळा तरी दाबून पाहावे.

रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणाऱ्या साधनाची, वार्षिक सर्व्हिसिंग मी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच करून घेते, निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. नुकत्याच उघडून जोडलेल्या रेग्युलेटरमध्ये एखादा होज सैल राहिला असेल किंवा हवा बारीक सुटत असेल, तर ते ग्रांदच्या दहाबारा मीटर पाण्यात कळलेले बरे. तिथून दुपारी तो पुन्हा कारागिराकडे नेता येतो. नव्या मास्कचेही तसेच. काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोनतीनदा घासल्याशिवाय मास्क धुके धरायचे थांबत नाही, आणि तो चेहऱ्याला खरोखर बसतो की नाही हे दुकानातल्या आरशात समजत नाही. मी दोन मास्क नेते आणि दोन्ही त्या मोसमात वापरलेले असतात.

हा नियम मला पहिल्या सफरीत एका लहानशा बॅटरीने शिकवला. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये बॅटरीची खूण अर्धी दिसत होती आणि अर्धी पुरेल असे मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डाइव्हनंतर पडदा कोरा झाला. बोटीवर दुसरा कॉम्प्युटर होता, पण तो देऊन उपयोग नव्हता. आधीच्या डाइव्हमध्ये माझ्या शरीरात किती नायट्रोजन विरघळला आहे याचा हिशेब बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये होता. नवा कॉम्प्युटर मला ताज्या शरीराने उतरणारी समजला असता आणि नसलेली मोकळीक दाखवत राहिला असता. गाइडने चोवीस तास पाण्याबाहेर राहायला सांगितले, आणि त्याचे बरोबरच होते. माझ्या तीन डाइव्ह गेल्या. त्यांतल्या एकीत बाकीच्यांना मांटा, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड चपटे मासे, दिसल्या, त्यांच्या डोक्यावरून संथपणे जाणाऱ्या. ते वर्णन ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. आता मी बॅटरी दर मोसमाला बदलून घेते, झाकणाचे ओ-रिंग नवे घालते, आणि दोन कॉम्प्युटर पहिल्या डाइव्हपासून शेवटच्या डाइव्हपर्यंत बरोबर ठेवते, म्हणजे एक बंद पडला तरी हिशेब दुसऱ्याकडे शाबूत राहतो. ही उधळपट्टी आहे असे माझ्या नवऱ्याचे मत होते. पुढच्या सफरीला त्यानेही दुसरा घेतला.

आता वजनाकडे वळते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि सामानाच्या हुकावर मी सगळे तोलले आहे. बीसीडी ३.४ किलो, फिन्स २.१, वेटसूट १.६, बूट ०.७, रेग्युलेटर १.७, डब्यांसह दोन मास्क ०.६, आणि टॉर्च, दोरीचे रील, खुणेचा फुगा (त्याबद्दल पुढे) मिळून ०.९. एकूण ११ किलो, आणि यात एकही कपडा नाही. मालेला जाताना गोव्यातल्या मोपा विमानतळाहून बंगळुरूपर्यंतचे तिकीट वेगळे काढले, तर देशांतर्गत विमानातली १५ किलोची मर्यादा लागू होऊ शकते, म्हणून दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घेणे किंवा जादा वजन आधीच ऑनलाइन विकत घेणे शहाणपणाचे. पिशवी मात्र मऊच हवी, चाकांची टणक सूटकेस नको. बोटीची खोली म्हणजे दोन झोपायच्या फळ्या आणि मध्ये उभे राहण्यापुरती जागा. रिकामी पिशवी घडी घालून फळीखाली गेली पाहिजे. डायव्हिंगचे सामान खोलीत ठेवावेही लागत नाही. मालदीवमध्ये मुख्य बोटीसोबत ‘धोणी’ नावाची दुसरी नाव असते (हा शब्द कानावर पडला की आपली दोणीच आठवते), आणि सामान पहिल्या दिवशी तिच्यावरच्या सिलिंडरला जोडले की आठवडाभर तिथेच राहते.

हातातल्या बॅगेत काय जावे, याबाबत मी फार काटेकोर आहे. रेग्युलेटर, एक मास्क, दोन्ही कॉम्प्युटर, औषधे आणि पोहण्याचा एक पोशाख एवढे माझ्यापासून हलत नाही, कारण मोठी पिशवी बंगळुरूलाच राहिली तरी एवढ्यावर मी पाण्यात उतरू शकते. बाकीचे बोटीवर भाड्याने मिळवता येते. कापण्याचे साधन मात्र मोठ्या पिशवीतच. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, प्लास्टिकच्या डबीत, टोके झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते. बोटीवर पोचल्यावर या बॅटऱ्या खोलीत, आपण झोपलेले असताना, चार्जिंगला लावू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला रात्री आग लागून ३४ जणांचा मृत्यू झाला. आगीचे नेमके कारण चौकशीत निश्चित होऊ शकले नाही, पण रात्रीची गस्त नव्हती हे स्पष्ट झाले. त्यामुळे बोटीवर चढल्यावर रात्री जागा कोण असतो आणि खोलीतून बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, हे मी विचारून घेते.

वेटसूटबद्दल गोव्यातले लोक हमखास चुकतात. मालदीवचे पाणी २७ ते ३० अंश असते, म्हणजे आपल्यासारखेच, मग तीन मिलिमीटरचा सूट पुरे, असे वाटते. पहिले दोन दिवस तो पुरतोही. परंतु पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, आणि दिवसाला तीन-तीन तास पाण्यात घालवल्यावर चौथ्या दिवशी त्याच पाण्यात दात वाजू लागतात. मी आतून घालायची टोपीवाली बंडी नेते. वजन थोडे, आणि लांब केसांची वेणीही टोपीत नीट राहते.

दुसरी अनिवार्य वस्तू म्हणजे एसएमबी, पाण्याखालून वर सोडायचा नारिंगी फुगा, आणि सोबत रील. ग्रांदजवळ होडी नांगरलेली असते आणि आपण दोरीवरून वर येतो. मालदीवच्या प्रवाळ बेटांमधल्या खिंडींत प्रवाह इतका असतो की डायव्हर एका जागी उतरतो आणि भलत्याच जागी वर निघतो. धोणीने आपल्याला शोधायचे ते त्या फुग्यावरून. पाच मीटरवर तरंगत, दोरी न गुंतवता तो सोडणे हे सवयीचे काम आहे, म्हणून डिसेंबरमध्ये मी आपल्याच गढूळ पाण्यात प्रत्येक डाइव्हच्या शेवटी तो सोडून पाहते. बीसीडीच्या खिशात शिट्टीही असावी.

कपड्यांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. बोटीवर चढताच चपला टोपलीत जातात आणि आठवडाभर सगळे अनवाणी असतात. तीन पोहण्याचे पोशाख, दोन सुती कुर्ते, वाऱ्यासाठी एक जाकीट आणि उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरे. शर्टामुळे सनस्क्रीनही कमी लागते, आणि प्रवाळांच्या दृष्टीने ते चांगलेच.

ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध न्यावे, पण त्याची पहिली गोळी घरीच, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी. या औषधांपैकी बरीच गुंगी आणतात, आणि तीस मीटर खोलीवर नायट्रोजनची स्वतःची गुंगी असतेच.

कागदपत्रांत सर्टिफिकेशन कार्ड, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) वापरता येत असेल तर त्याचे कार्ड, लॉगबुक आणि विमा. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग वगळलेले असू शकते, म्हणून रीकम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे नायट्रोजनचा त्रास झालेल्या डायव्हरवर दाबाखाली उपचार करायच्या कक्षाचा, खर्च धरणारा वेगळा विमा मी घेते. गोव्याहून निघणाऱ्यांना एक सूचना आवर्जून करते. मालदीवमध्ये मद्य आणि डुकराचे मांस नेता येत नाही, त्यामुळे बोटीवरच्या मित्रांसाठी फेणीची बाटली किंवा चोरिस बांधून घेऊ नये. पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. सासूबाईंनी माझ्या पिशवीच्या कप्प्यात गणपतीची छोटी मूर्ती प्रेमाने ठेवली होती. मी त्यांना नियम सांगितला, तेव्हा त्यांनी ती देव्हाऱ्यात परत ठेवली आणि मी येईपर्यंत रोज तिच्यापुढे दिवा लावला.

परतीचे सामान जातानाच बांधलेले असावे लागते. अनेक दिवसांच्या सलग डाइव्हनंतर शरीरातला नायट्रोजन निघून जायला विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, आणि बहुतेक बोटी २४ तास मोकळे ठेवतात. हा वेळ सामान वाळवण्याचा. ओला वेटसूट आणि बीसीडी मिळून दोनतीन किलो सहज वाढतात, म्हणून कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे आणि दोन जाड प्लास्टिकच्या पोत्या मी तळाशी घडी घालून नेते. इतके करूनही बूट कधीच पूर्ण वाळत नाहीत. ते पोतीत बांधून आणायचे आणि घरी पोचल्याबरोबर, आंघोळीच्याही आधी, बादलीत गोड्या पाण्यात टाकायचे.