रिकामा डबा

बर्लिन, शनिवार रात्र

सकाळी लेकीला म्हटलं, तू तुझं काम कर, मी एकटी जाऊन येते. एम-५ची ट्राम धरली आणि होहेनशोनहाउझेनला उतरले. आजूबाजूला साधी वस्ती, आणि तिच्यातच गुप्त पोलिसांचा तो जुना तुरुंग. पूर्व जर्मनीच्या, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीच्या काळात हा भाग शहराच्या नकाशात दाखवतच नसत.

मला इथे का यायचं होतं, ते लेकीला नीट सांगता आलं नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, लाल बावट्याचे. चाळीतल्या आमच्या खोलीत रशियन मासिकं यायची. त्यांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आम्ही वह्यांना घालायचो. "तिकडे कामगारांचं राज्य आहे," असं म्हणताना बाबांचा आवाजच बदलायचा. त्या आवाजावर मी लहानपणी जीव टाकलाय.

माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः इथे कैदी होते. देश सोडून पश्चिमेला जायचा प्रयत्न केला, एवढाच गुन्हा. आधी त्यांनी तळघर दाखवलं. १९४५नंतर रशियनांनी आणि १९५१पासून स्टासीने, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांनी, वापरलेलं. खिडकी नाही, फळीचा बिछाना, एक बादली. कैदी त्याला 'पाणबुडी' म्हणत. तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

पण मी खरी हादरले ती वरच्या, नंतर बांधलेल्या इमारतीत. तिथे सगळं स्वच्छ. कोठडीत खाट, स्टूल, संडास, बेसिन. खिडकीला जाड काचेच्या विटा: उजेड आत येतो, पण झाडाचं पानसुद्धा दिसत नाही. दिवसा खाटेवर टेकायचं नाही. रात्री पाठीवरच झोपायचं, हात पांघरुणाच्या वर. थोड्या थोड्या वेळाने दिवा लागणार, दाराच्या भोकातून डोळा बघणार. कूस बदलली की दारावर थाप! मी त्या स्टुलावर बसून पाहिलं. पाच मिनिटांत पाठ भरून आली. माणसं इथे महिनोन् महिने बसली.

नाव घ्यायचं नाही, नंबराने हाक. चौकशीला नेताना बोळात तांबडा दिवा लागलेला असला की भिंतीकडे तोंड करून थांबायचं, म्हणजे एका कैद्याला दुसरा दिसू नये. ते गृहस्थ म्हणाले, काही आठवड्यांनी मी चौकशीची वाट बघायला लागलो, कारण माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस होता. चौकशीच्या खोलीत पडदे, टेबल, टेलिफोन. एखाद्या कचेरीसारखी. मार न देता माणूस आतून पोखरायचा, याचं तिथे रीतसर शिक्षण दिलं जाई. मला हे मारहाणीपेक्षा जास्त नीच वाटलं.

मग त्यांनी भिंतीवर बोटाने ठोकून दाखवलं. एक ठोका म्हणजे ए, दोन म्हणजे बी. असं मोजत मोजत शेजाऱ्याला नुसतं नाव विचारायचं. पकडलं तर शिक्षा, तरी ठोकायचे.

१७ जून १९५३ची गोष्ट निघाली तेव्हा मात्र माझा घसा दाटला. सरकारने कामाचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढवलं, पगार तोच. बर्लिनच्या श्टालिनआले या रस्त्यावरचे बांधकाम मजूर आदल्या दिवशीच काम टाकून रस्त्यावर आले होते. १७ला सातशेच्या आसपास गावाशहरांत लोक उठले. रशियन रणगाडे आले. संपकऱ्यांची धरपकड झाली, आणि त्यातले काही याच तळघरात येऊन पडले. कामगारांच्या राज्यात, संप केला म्हणून! बाबांना हे कुणी कधी सांगितलं होतं का? सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? राग त्यांच्यावर नाही. त्यांच्या त्या विश्वासाचा ज्यांनी असा वापर केला, त्यांच्यावर आहे.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. अटक झालेल्याला बंद गाडीतून आणायचे, बाहेरून मासळीची किंवा पावाची वाटेल अशी. आत पाच अरुंद खण, खिडकी नाही. तासन् तास शहरात फिरवायचे, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळू नये. घरच्यांनाही पत्ता नाही. पुढे कैदी पैसे घेऊन पश्चिम जर्मनीला दिले जाऊ लागले. १९६३ ते १९८९मध्ये असे ३३ हजारांहून जास्त सुटले. माणसांचा भाव ठरलेला.

संध्याकाळी आईला फोन लावला. बाबा संपात पकडले गेले होते, ते किती दिवस, विचारलं.

"चार," आई म्हणाली. "मी रोज चौकीवर डबा द्यायचे. भेटू देत नव्हते. पण संध्याकाळी डबा रिकामा परत मिळाला की जीव भांड्यात पडायचा. एकदा त्यांनी आत सुपारीचं खांड ठेवून पाठवलं होतं."