‘ओल्ड’च्या उलट काय?

इंग्रजी शिकताना विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करण्याची पद्धत रूढ आहे आणि सुरुवातीला ती उपयोगीही पडते. परंतु ‘ओल्ड’समोर एकच शब्द लिहायचा म्हटले की ती अडखळते. माणूस ओल्ड असेल तर त्याच्या उलट ‘यंग’, घर ओल्ड असेल तर ‘न्यू’. ‘हार्ड’ गादीच्या उलट ‘सॉफ्ट’, पण ‘हार्ड’ प्रश्नाच्या उलट ‘ईझी’. ‘ड्राय’ हे विशेषण कापडाला लावले तर समोर ‘वेट’ येतो, वाइनला लावले तर ‘स्वीट’. म्हणून विरुद्धार्थी शब्द शोधणाऱ्याने आधी शेजारचे नाम पाहावे, असे माझे ठाम मत आहे. कारण उलटेपणा सुट्या शब्दाला चिकटलेला नसतो, तो त्या वाक्यातल्या अर्थाला असतो. पीटर मार्क रोजे यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थिसॉरसमध्ये, म्हणजे अर्थांनुसार शब्द मांडणाऱ्या कोशात, परस्परविरोधी कल्पना शेजारशेजारच्या दोन स्तंभांत मांडल्या होत्या. त्यांनी जोडी लावली ती कल्पनांची, आणि शब्द त्या कल्पनांखाली आले. ही मांडणी मला आजही सर्वांत समंजस वाटते.

अर्थ ठरला तरी उलटेपणाचा प्रकार ठरायचा राहतो. ‘डेड’ आणि ‘अलाइव्ह’ यांच्यामध्ये तिसरी जागा नाही. एक नाकारले की दुसरे आपोआप सिद्ध होते. ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ यांचे तसे नाही, कारण जे पाणी हॉट नाही ते कोल्डच असेल असे म्हणता येत नाही, मधे ‘वॉर्म’ आणि ‘कूल’ उभे असतात. ‘बाय’ आणि ‘सेल’ हा तर एकच व्यवहार, दोन बाजूंनी पाहिलेला. शिवाय प्रत्येक शब्दाला थेट जोडीदार मिळतोच असे नाही. ‘वेट’ आणि ‘ड्राय’ ही पक्की जोडी आहे, पण ‘पार्च्ड’च्या, म्हणजे पार कोरड्या पडलेल्याच्या, उलट काय म्हणायचे? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘वर्डनेट’ या शब्दसंग्रहात असे शब्द आधी ‘ड्राय’शी जोडलेले असतात आणि ‘ड्राय’मार्फत ‘वेट’पर्यंत पोहोचतात. शोधणाऱ्यालाही हीच वाट धरता येते: अवघड शब्दाचा सोपा समानार्थी शब्द घ्यावा आणि त्याची उलट बाजू पाहावी.

उपसर्गांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. ‘इन’ हा उपसर्ग ‘पी’, ‘बी’, ‘एम’ या अक्षरांपूर्वी ‘इम’ होतो, ‘एल’पूर्वी ‘इल’ आणि ‘आर’पूर्वी ‘इर’. त्यातून ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’ हे शब्द येतात, इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे. आपल्या ‘अमूल्य’सारखाच तो शब्द, ज्याचे मोल करता येत नाही अशा वस्तूसाठी आहे. ‘इनफ्लॅमेबल’ आणि ‘फ्लॅमेबल’ या दोन्हींचा अर्थ ज्वलनशील असाच होतो, कारण तिथला लॅटिन ‘इन’ नकाराचा नाही. वाचणाऱ्याची गफलत झाली तर जिवावर बेतेल, म्हणून विसाव्या शतकात इशाऱ्यांच्या पाट्यांवर ‘फ्लॅमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला गेला. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांतही काळजी हवी: काटेकोर वापरात पहिला म्हणजे ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा, दुसरा म्हणजे ज्याला रस नाही असा. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा.

वाक्प्रचारांत तर एकेक शब्द उलटवून काहीच हाती लागत नाही. ‘अंडर द वेदर’ म्हणजे तब्येत बरी नसणे, पण ‘ओव्हर द वेदर’ असे कोणी म्हणत नाही. तिथे ‘फिट’ किंवा ‘वेल’ असे साधे शब्दच घ्यावे लागतात. ‘फिल इन’ आणि ‘फिल आउट’ हे दिसायला विरुद्ध, पण फॉर्मच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ भरणे हाच आहे. ‘पुट ऑन’च्या उलट ‘पुट ऑफ’ नाही. अंगात घातलेला कोट काढणे म्हणजे ‘टेक ऑफ’. तोच ‘टेक ऑफ’ विमानाने केला की त्याच्या उलट ‘लँड’ येते. ‘टर्न डाउन’ आवाजाबद्दल असेल तर ‘टर्न अप’ चालते, प्रस्तावाबद्दल असेल तर ‘ॲक्सेप्ट’ लागते.