चमक पुसणारं फडकं

गाडीवर धूळ दिसली की हात आपोआप फडक्याकडे जातो. सीटखाली कोंबलेलं, कधीकाळी बनियन म्हणून नांदलेलं ते फडकं. बोनेटवर दोन हात फिरवले की गाडी लख्ख दिसते आणि मन प्रसन्न होतं. पण चमक कमी होते ती त्याच दोन हातांनी.

गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. आणि रस्त्यावरच्या धुळीत असते बारीक वाळू, काचेलाही ओरखडा काढणारी. कोरड्या फडक्याखाली ती सापडली की दर हाताला नवे ओरखडे. दिवसा सावलीत ते दिसत नाहीत. रात्री पार्किंगमधल्या एकाच दिव्याखाली काळी गाडी उभी करून बघा, दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणलेलं दिसेल. पृष्ठभाग सपाट असेल तर उजेड सरळ परततो, ओरखड्यांवरून तो विखुरतो. गाडी ‘जुनी दिसायला लागली’ म्हणतात ती बहुतेक वेळा एवढ्यामुळेच.

म्हणून धुण्यातली अर्धी कला हात न लावण्यात आहे. आधी नुसतं पाणी. पाइप असेल तर टपापासून खाली दोन-तीन मिनिटं, म्हणजे चिखल भिजून स्वतःच सुटतो. पत्रा मात्र थंड हवा. हाताच्या मागच्या बाजूला गरम लागला तर गाडी सावलीत घ्या, नाहीतर साबण धुण्याआधीच वाळतो. चाकं सर्वांत आधी आणि वेगळ्या फडक्याने, कारण तिथे ब्रेकची लोखंडी पूड बसलेली असते. मग दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या: एकीत कार शॅम्पू, बाटलीवर लिहिलंय तेवढाच, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा एका भागावरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा फेसात. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ बसतो, तो एरवी बोनेटवर घासला गेला असता. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. भांड्यांचा साबण वापरू नये. तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो आणि आधीचं वॅक्सही घेऊन जातो.

पुढचा शत्रू बोअरचं पाणी. क्षार असलेलं पाणी उन्हात वाळलं की पांढरे ठिपके उरतात, आणि दिवसेंदिवस तसेच राहिले तर थरात रुततात. त्यामुळे शेवटची धार नळाच्या पाण्याची असावी आणि गाडी आपोआप वाळू देऊ नये. मोठा जाड टॉवेल पत्र्यावर पसरून हळूच ओढायचा, रगडायचा नाही. ताज्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी मिसळून लावावं, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवावं.

धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं बोनेटवरून फिरवा. खरखर लागली तर डांबर, झाडाचा चीक असं काहीतरी चिकटून बसलंय. ते क्ले बारने, म्हणजे चिकटलेली घाण उचलून घेणाऱ्या मऊ, मातीसारख्या गोळ्याने निघतं, पण शॅम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवूनच. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या. त्यात घुसलेला एक खडा सगळी मेहनत मातीत घालतो.

पॉलिश क्लिअर कोटचा अगदी थोडा भाग झिजवून ओरखडे सपाट करतं, वॅक्स वर संरक्षक थर चढवतं. त्यामुळे पॉलिश वर्षातून एखाद्या वेळी, तेही गरज असेल तरच. मशीनची हौस असेल तर बोनेटच्या कडांपासून दूर राहा, तिथे थर पातळ असतो आणि एकदा गेला की रंगारीच गाठावा लागतो. वॅक्स मात्र दोन-तीन महिन्यांनी चालेल. बदामाएवढं घ्या, दोन फूट बाय दोन फुटांचा भाग करा, पातळ लावा. जाड लावल्याने चमक वाढत नाही, फक्त हात दुखतात. बोट फिरवल्यावर स्वच्छ रेघ उमटली की पुसायला घ्यायचं. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागलं तर पांढरे पट्टे पडतात. तिथे जुना टूथब्रश उपयोगी पडतो.

एवढं करून दसऱ्याला काही जण झेंडूची माळ तारेने बांधतात आणि तशीच आठवडाभर फिरवतात. वाऱ्याने हलणारी तार बोनेटवर काय लिहिते ते माळ काढल्यावरच कळतं. माळ सुती दोऱ्याची घ्या आणि संध्याकाळी उतरवा. कुंकवाचा स्वस्तिक काचेवर काढला तरी पूजेला काही कमी पडत नाही, शिवाय काच धुता येते. आणि पार्किंगमध्ये महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणाऱ्या दादांना एक पाण्याचा स्प्रे नि चार स्वच्छ मायक्रोफायबरची फडकी आणून द्या. एकाच बादलीत दहा गाड्या पुसाव्या लागतात त्यांना. शेजारच्या गाडीवरची वाळू आपल्या बोनेटवर येते ती याच वाटेने.