बेल वाजवू नये

दुपारी माळ्यावरून सतरंजी ओढली, तर घडीतून जुना टॉर्च खाली आला. काचेवर लाल जिलेटीनचा कागद, त्यावरचं रबरबँड वितळून चिकटलेलं. आत सेल फुटून हिरवा खार आलेला. उल्का बघताना अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने बिघडतात, म्हणून हा लाल कागद. हिच्या मते कचरा.

उल्का बघणाऱ्यांतली एक जमात मला सहन होत नाही. ‘ती बघ!’ ओरडणारी. बोट वर जाईपर्यंत उल्का संपलेली असते. आपण मान वळवून रिकामं आकाश बघायचं, तोवर पाठीमागे दुसरी पडून जाते. आजीचा नियम बरा होता. मे महिन्यात आम्ही अंगणात वाकळा टाकून झोपायचो, तेव्हा ती बजावायची, “तारा तुटलेला दिसला तर बोलायचं नाही.” पण दिसला की स्वतःच ‘राम राम’ पुटपुटायची. मग आम्ही सगळी पोरं ‘कुठे? कुठे?’ करत उठून बसायचो.

ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव जगभर गाजतो. आपल्याकडे तेव्हा नुसताच वर्षाव. डिसेंबरात १३-१४ तारखेचा मिथुन राशीतला मात्र भरवशाचा, थंडी सोसायची तयारी हवी.

पण आमची हौस नोव्हेंबरातल्या सिंह राशीतल्या वर्षावाची. ज्याच्या धुळीतून तो होतो, तो टेम्पल-टटल धूमकेतू १९९८ साली ३३ वर्षांनी येऊन गेलेला. १७ नोव्हेंबरच्या रात्री ऐन आशियावर बरसात होणार, असं भाकीत. रात्रीच्या कर्जत लोकलने वांगणी गाठलं आणि कापलेल्या भाताच्या खाचरात हीच सतरंजी अंथरली. मध्यरात्रीनंतर सिंह वर आला. पहाटेपर्यंत वहीत रेघा ओढल्या. पडल्या, नाही असं नाही. पण थर्मास रिकामा झाला, सतरंजी दवाने चिंब झाली, तरी बरसात म्हणावं असं काही झालं नाही. अग्निगोलांचा, म्हणजे फार तेजस्वी उल्कांचा, भर अंदाजाच्या १६ तास आधीच येऊन गेला होता, हे मागाहून कळलं.

त्याआधी सांगितलं ते दूधवाल्याने. डोंबिवलीत जिना चढताना भेटला. बगलेतली सतरंजी बघून म्हणाला, “आज कशाला गेलात? काल पहाटे होतं की! सायकलच्या हँडलवर उजेड पडत होता.”

“अहो, मग मला उठवायचंत ना!”

त्याने दारावरच्या माझ्याच अक्षरातल्या पाटीकडे बोट केलं.


‘पहाटे बेल वाजवू नये.’